पेशंटच्या तोंडून

मी आयुष्यभर फार बोलत आले आहे. आई म्हणायची, या मुलीच्या तोंडाला टाळं नाही. नर्सिंगला गेले तेव्हा हेच तोंड आपल्या कामी येणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, आणि पहिल्याच महिन्यात मनोदींनी त्या तोंडाला दहापैकी तीन मार्क दिले.

मनोदी म्हणजे मनोरमा घैसास. कलकत्त्याच्या ज्या इस्पितळात मी शिकले, तिथे त्या नर्सिंगच्या मुलींना शिकवत. मूळच्या वाईच्या. भावाची बदली झाली म्हणून त्याच्याबरोबर कलकत्त्याला आल्या, भाऊ पुढच्या बदलीत निघून गेला आणि या राहिल्या. 'घैसास' बंगाली तोंडात 'घोईशाश' व्हायचं, तेव्हा सगळ्या इस्पितळाने सोयीसाठी त्यांच्या मनोदी करून टाकल्या. बुटक्या, सावळ्या, केसांचा सुपारीएवढा अंबाडा, कडक इस्त्रीचं पांढरं पातळ आणि पायांत पुरुषी वाटावेत असे काळे बूट. हसणं बेताचं. दया, माया, करुणा हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. गोडगोड बोलणारी माणसं त्यांना डोळ्यांसमोर नको असायची, आणि मी तर त्यातच पटाईत. म्हणजे आमचं जमावं असं काही नव्हतंच.

आमचं मराठी बिऱ्हाड कलकत्त्यातच, बालीगंजला होतं. वडील पोस्टखात्यात. त्यांच्या मुलीने नर्स व्हावं हे घरात कुणाला रुचलं नव्हतं. आई तर पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. शेवटी तिला कळलं की शिकवणाऱ्या बाई कोब्रा आहेत, वाईच्या आहेत, तेव्हा तिचा राग थोडा उतरला. वॉर्डात सगळं बोलणं बंगालीतून चालायचं. तिथे मी नलिनी. मनोदी आणि मी दोघीच असलो की नलू, आणि चुकलं की 'अगं ए शहाणे'.

तर त्या मार्कांची गोष्ट. मनोदींची एक पद्धत होती, ती मी पुढे कुठेही पाहिली नाही. आमच्यापैकी कुणी पेशंटला काही समजावून सांगितलं की दोनतीन तासांनी मनोदी जाड पुठ्ठ्याची वही घेऊन त्या खाटेपाशी जायच्या. मोडा, म्हणजे तिकडचं ते वेताचं बुटकं स्टूल, ओढून बसायच्या आणि विचारायच्या, "मघाशी ती मुलगी आली होती, ती काय म्हणाली हो?" पेशंट जे बोलेल ते जसंच्या तसं लिहून घ्यायच्या. सुधारायचं नाही, गाळायचं नाही. गुरुवारी दुपारी वर्गात ती वही उघडायची. हा तास अभ्यासक्रमात नव्हताच, बँडेजच्या तासातून त्यांनी तो कापून काढला होता. आम्ही काय बोललो याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. "तू काय सांगितलंस ते तुझ्यापाशी ठेव. त्यांना काय ऐकू आलं ते मला हवं." मार्क त्यालाच.

मी एका आजीबाईंना डोळ्याच्या ऑपरेशननंतर कसं झोपायचं, कुठल्या कुशीवर वळायचं नाही, पट्टीला हात का लावायचा नाही, हे वीस मिनिटं समजावलं होतं. गुरुवारी मनोदींनी वही उघडून आजीबाईंचं म्हणणं वाचून दाखवलं. "मुलगी फार गोड आहे. तिचे वडील पोस्टात आहेत. भाऊ फुटबॉल खेळतो, त्याचं गुडघ्याचं दुखणं आहे. घरी तांदळाच्या पिठाचं काहीतरी करतात म्हणे, मला आणून देणार आहे." एवढंच. डोळ्याचा शब्द नाही. सगळा वर्ग खो खो हसला, मीही हसले, मग माझं हसू हळूहळू आटलं. "तीन मार्क दिलेत," मनोदी म्हणाल्या, "कारण त्यांना करमलं."

वॉर्डात 'घाबरू नका' म्हणायला बंदी होती. कुणाच्या तोंडून निघालंच तर एक तास गॉज कापायचा. मी एवढा गॉज कापला आहे की विचारू नका. एकदा चिडून मी विचारलं, घाबरलेल्या माणसाला घाबरू नका म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? त्या म्हणाल्या, "आधी विचार, कशाला घाबरलात? मागच्या आठवड्यातला तो सुतार ऑपरेशनला घाबरलाय असं धरून तू तासभर धीर देत बसलीस. त्याला काळजी कसली होती माहीत आहे? कपडे काढल्यावर फाटकी बनियन दिसेल याची." हे त्यांनी मोड्यावर बसून, पाच मिनिटांत, त्याच्याकडून काढून घेतलं होतं. आणि त्याला इस्पितळाचा सदरा आधीच घालायला दिला होता.

माझ्याबरोबर ज्योत्स्ना नावाची मुलगी होती, अतिशय हसरी. एका म्हाताऱ्या आजोबांचं काविळीचं पथ्य डॉक्टरांनी सोडवलं. तिने आनंदाने जाऊन सांगितलं, "दादू, आजपासून तुम्हाला हवं ते खा." आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं. दुपारी जेवले नाहीत, रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावून घेतलं आणि घराचं काय करायचं ते सांगायला लागले. ज्योत्स्ना रडकुंडीला आली, तिला कळेना आपण काय पाप केलं. मनोदींनी वहीत लिहून आणलं ते असं: "माझ्या वडलांनाही शेवटी हवं ते खा म्हणाले होते. दोन दिवसांनी गेले." पथ्य सुटणं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकणं, अशी त्या आजोबांची पक्की समजूत होती. मग मनोदी स्वतः त्यांच्यापाशी बसल्या. तुमची कावीळ उतरली, डोळ्यांचा पिवळेपणा गेला, म्हणून पथ्य सुटलं, असं आरसा समोर धरून दाखवलं. आजोबांनी आरशात डोळे ताणताणून पाहिले आणि विचारलं, माशाचं कालवण मिळेल का.

ते कालवण मनोदींनीच भरवलं. त्या कट्टर शाकाहारी. माशाच्या वासाने त्यांना मळमळायचं. पण हात थरथरणाऱ्या पेशंटला काटा लागू नये म्हणून त्या कलकत्त्यात आल्यावर माशाचे काटे काढायला शिकल्या होत्या, आणि तेही असे सफाईने की बंगाली आया बघत राहायच्या. घरी गेल्यावर डोक्यावरून अंघोळ करायच्या. मी एकदा म्हटलं, आयांना सांगा की. तर म्हणाल्या, "आया भरवतात, पण घाईत भरवतात."

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मनोदी सांगून होत नाहीत.

त्या काळी रोगाचं नाव पेशंटला सांगायची पद्धत नव्हती. मोठे डॉक्टर घरच्या पुरुषाला व्हरांड्यात बोलवायचे आणि खालच्या आवाजात सांगायचे. मग तो पुरुष डोळे पुसून, चेहरा नीट करून खाटेपाशी यायचा आणि म्हणायचा, काही नाही, किरकोळ आहे. आम्हा मुलींना तर तोंड उघडायची सक्त मनाई. मनोदींना हे पटत नव्हतं, पण त्या नियम पाळायच्या. आम्हाला सांगायच्या, "रोगाचं नाव सांगायचा हक्क आपल्याला नाही दिलेला. मग खोटं सांगायचा तरी कुणी दिला?"

दुर्गापूजेला महिना उरला होता. शेफालीदी म्हणून बेहालाच्या एक बाई आमच्या वॉर्डात होत्या, चाळिशीच्या, घरी मुलींना शिवण शिकवायच्या. छातीत गाठ होती. ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांना ती गाठ चांगली वाटत नव्हती, हे त्यांच्या यजमानांना माहीत होतं आणि आम्हाला माहीत होतं. यजमान रेल्वेत, आसनसोलला. ते बायकोला 'साधं ऑपरेशन आहे' एवढं सांगून नोकरीवर परत गेले.

शेफालीदी मला 'मा' म्हणायच्या, तिकडे लेकीच्या वयाच्या मुलीला म्हणतात तसं. त्या संध्याकाळी केस विंचरता विंचरता म्हणाल्या, "मा, खरं सांग, कापायलाच हवं का गं? पूजा तोंडावर आली आहे. माझ्या दोघी मुलींचे कपडे शिवायचे राहिलेत." त्यांचा चेहरा मला बघवेना. आणि माझं तोंड सुटलं. "छे हो दीदी, साधी गाठ आहे. माझ्या मावशीला अगदी अशीच होती. आता ठणठणीत आहे ती." मला मावशीच नाही. आईला दोन भाऊ.

शेफालीदींनी माझ्या गालावरून हात फिरवला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आपल्याला माणसांशी बोलता येतं, मनोदी काहीही म्हणोत, असं मनात म्हणत मी घरी गेले. सकाळी येऊन बघते तर खाट रिकामी. बाई स्वतःच्या सहीवर घरी निघून गेल्या होत्या. मावशी बरी झाली तशी मीही होईन, काय ते पूजेनंतर बघू, असं आयाला सांगून माझ्यासाठी संदेश मिठाईचा एक डबा ठेवून गेल्या होत्या.

मनोदी वही घेऊन आल्या, त्या उघड्या गादीकडे त्यांनी पाहिलं आणि आयाला काय घडलं ते विचारलं. मग मला कपड्यांच्या कपाटामागे नेलं.

"मावशी कुठे असते तुझी?"

मी मान खाली घातली.

"हं. पूजेनंतर म्हणजे दीड महिना. गाठ काही पूजेची सुट्टी घेत नाही, नलू." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "आज ड्युटी संपली की जा. त्यांना काय ऐकू आलं ते ऐक, आणि तुझं वाक्य परत घेऊन ये."

मी बेहालाच्या ट्रामने गेले. शहरात तेव्हा बॉम्ब आणि गोळीबार चालायचे, संध्याकाळी रस्ते ओस पडायचे, अंधाराच्या आत घरी पोचावं लागायचं. शेफालीदींनी मला दारातच जवळ घेतलं. शेजारणींना बोलावून सांगितलं, हीच ती मुलगी, हिने मला सोडवलं. पुढ्यात लुच्या, म्हणजे तिकडच्या मैद्याच्या पुऱ्या, आल्या. मशीनवर लाल फ्रॉक अर्धा शिवलेला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुझी मावशी कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हटलं.

आणि परत आले. मनोदींना सगळं खरं सांगितलं, तेवढी अक्कल शिल्लक होती. मला वाटलं आता हाकलतील. त्या म्हणाल्या, "उद्या दोन वाजता तयार राहा. मी येते बरोबर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. मला वाटलं होतं त्या बोलतील, मी मान डोलवेन. पण त्या घरात गेल्या, नमस्कार केला, एका कोपऱ्यात बसल्या आणि चक्क गप्प राहिल्या. चहा आला. शेफालीदी एकदा त्यांच्याकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे. मी मनोदींकडे पाहिलं, त्या कपाकडे बघत होत्या. शेवटी मीच म्हटलं, "दीदी, मला मावशी नाही."

मग सगळंच सांगितलं. साधी गाठ आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना ती साधी वाटत नाही. लवकर काढायला हवी असं ते म्हणत होते. तुमचा चेहरा बघवला नाही म्हणून मी बनवून सांगितलं. माझी जीभ अडखळत होती, बंगाली पार विसरल्यासारखं झालं होतं. शेफालीदींनी एकच विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्या उठल्या. माझ्या हातातला अर्धा प्यालेला चहाचा कप त्यांनी काढून घेतला आणि म्हणाल्या, "निघा."

ट्राममध्ये मी हुंदके देऊन रडले. मनोदी खिडकीबाहेर बघत होत्या. मैदान आलं तेव्हा म्हणाल्या, "रडू नकोस. त्या चिडल्या म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचलं. काल त्या तुला लुच्या वाढत होत्या, तेव्हा मला जास्त काळजी होती." मला त्यांचा भयंकर राग आला होता, तोही सांगून टाकते. एक शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं वाटत होतं.

चार दिवसांनी यजमानांची लेखी तक्रार आली. तुमच्या नर्सबायांनी घरी येऊन माझ्या बायकोला रोगाबद्दल सांगितलं, ती अन्नपाणी सोडून बसली आहे. मेट्रनबाईंनी मनोदींना बोलावलं. मोठे डॉक्टरही तिथे होते. मी दाराबाहेर उभी होते, माझं बोलावणं येणार म्हणून. आतून मनोदींचं सावकाश बंगाली ऐकू आलं. "मी गेले होते. मीच सांगितलं. मुलगी बरोबर होती, तिला रस्ता माहीत होता म्हणून नेली."

मला आत जाता आलं असतं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी गेले नाही.

पुढच्या सोमवारपासून मनोदींचं शिकवणं बंद झालं. त्यांना खालच्या मजल्यावर चादरी-कपड्यांच्या कोठारात बसवलं. गुरुवारचा तास बँडेजला परत गेला. पेन्शनीला पाच वर्षं उरलेली बाई. ज्या कामासाठी परक्या शहरात एकटी राहिली, तेच काम तिच्या हातातून काढून घेतलं, आणि ते माझ्यापायी. मी रोज ठरवायची, आज मेट्रनबाईंना जाऊन सांगायचं. रोज संध्याकाळ व्हायची.

त्याच आठवड्यात शेफालीदी परत आल्या. एकट्या, काखेत कपड्यांचं बोचकं. माझ्याकडे बघून हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमचे हे म्हणतात, त्या बायका वेड्या आहेत. पण मी विचार केला, मुद्दाम ट्रामने येऊन 'मी खोटं बोलले' असं सांगणारी मुलगी त्या वेळी तरी खरं बोलत असणार." ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी माझीच ड्युटी मागून घेतली. शुद्धीवर आल्या, हात बँडेजवर गेला, तिथेच थांबला.

"सगळं काढलं?"

"हो दीदी. सगळं."

"आणि गाठ?"

"पूर्ण निघाली असं डॉक्टर म्हणतात. परत होणार नाही असं मात्र मला सांगता येत नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि माझं मनगट धरून ठेवलं, चांगलं दुखेपर्यंत. शेफालीदी पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. दोन्ही मुलींची लग्नं केली, नातवंडांचे फ्रॉक शिवले. दर विजयेला, म्हणजे आपल्या दसऱ्याला, त्यांचं पत्र यायचं.

मीही पुढे पस्तीस वर्षं या कामात काढली. शेकडो माणसांच्या खाटेपाशी बसून नको ती बातमी सांगितली. बोलताना आजही माझ्या मनात एक कान त्या माणसाच्या बाजूला बसलेला असतो. तो मनोदींनी बसवला. आई-वडलांनी मला जन्म दिला, वाढवलं, सगळं खरं. पण मला बोलायला या बाईने शिकवलं. हे मी त्यांना कधी नीट म्हटलं नाही याची रुखरुख आहे.

माझं शिक्षण संपलं, दुसऱ्या गावच्या इस्पितळात नेमणूक झाली. निघायच्या दिवशी मी कोठारात गेले. मनोदी विरलेल्या चादरी बाजूला काढत होत्या. मी वाकून नमस्कार केला आणि वर्षभर मनात ठेवलेलं विचारलं.

"त्या घरात तुम्ही एक अक्षर बोलला नव्हतात. मेट्रनबाईंना माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुला काढून टाकलं असतं."

"मला काढायलाच हवं होतं. चूक माझी होती."

त्यांनी चादर उजेडात धरली, विरलेली जागा शोधली. "खोटं बोललीस तेव्हा तुझं कौतुक झालं, नलू. खरं बोललीस त्याच आठवड्यात तुला हाकललं असतं, तर पुढे जन्मभर तू पेशंटला काय सांगितलं असतंस?"

त्यांनी चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन स्वतः धरली. आम्ही ती झटकली, घडी घातली. मग त्यांनी दुसरी उचलली आणि मला म्हणाल्या, "गाडी चुकेल तुझी."